धरणाच्या पाण्यात लहान नाव नांगरताना : नवशिक्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

हुक्केरी तालुक्यातील हिडकलचा जलाशय, सौंदत्तीजवळचे रेणुकासागर, चिकोडी-अथणीकडची कृष्णा आणि कारवारला समुद्राला मिळणारी काळी नदी, असे विस्तीर्ण पाणी सीमाभागात आणि त्याच्या आसपास आहे. मासे धरण्याच्या छंदासाठी, पक्षी पाहण्यासाठी किंवा नुसत्या हौसेखातर एखादी लहान नाव घ्यावी, असा विचार त्यामुळे अनेकांच्या मनात येतो. नाव वल्हवायला किंवा इंजिनावर चालवायला शिकवणारा कोणीतरी भेटतो, परंतु ती एका जागी भरवशाने थांबवावी कशी, हे सहसा कोणी शिकवत नाही. दोराला दगड किंवा सिमेंट भरलेला डबा बांधायचा आणि तो तळाला टेकेपर्यंत सोडायचा, एवढ्यावर बहुतेकांचे ज्ञान संपते. वारा पडलेला असेल तर तेवढ्यानेही भागते, आणि म्हणूनच ही सवय अंगवळणी पडते. वारा सुटला की तोच डबा तळावरून घसरू लागतो आणि नाव खडकाळ काठाकडे किंवा बंधाऱ्याकडे निघते.

हा लेख तीन ते पाच मीटर लांबीच्या, वल्ह्यांच्या किंवा लहान इंजिनाच्या नावेपुरता आहे. जलाशय ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी नाव पाण्यात घालण्यापूर्वी घ्यावी. हिडकल आणि रेणुकासागर ज्यांत येतात त्या घटप्रभा आणि मलप्रभा प्रकल्पांचे काम कर्नाटक नीरावरी निगम पाहते, तेव्हा चौकशीला सुरुवात तेथून करावी. इंजिन बसवलेल्या नावेला 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो, त्यामुळे नोंदणीचीही विचारणा करावी. राकसकोपसारख्या, बेळगाव शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या जलाशयात नाव घालण्याचा विचार करू नये. तसेच लाइफ जॅकेट पायाखाली ठेवण्याची वस्तू नाही. ते काठावर असतानाच अंगात घालून बांधावे आणि परत काठावर येईपर्यंत उतरवू नये.

नांगर धरतो कशाने

वजनदार वस्तू नावेला धरून ठेवते, हा समज पूर्ण खरा नाही. सिमेंटचा वीस किलोचा डबा पाण्यात बुडाला की त्याचे वजन बारा किलोच्याही खाली येते, कारण जेवढे पाणी तो बाजूला सारतो तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तो हलका होतो. शिवाय तो तळावर नुसता टेकलेला असतो, तळात रुतलेला नसतो. खऱ्या नांगराचे फाळ मात्र आडव्या ओढीने तळाच्या मातीत घुसतात आणि ती माती त्यांना धरते. त्यामुळे तीन-चार किलोचा चांगला रुतलेला नांगर स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट ओढ सहन करू शकतो, आणि एवढ्या वजनाचा नुसता दगड ते कधीच करू शकत नाही.

यात कळीचा शब्द आहे तो आडवी ओढ. दोर उभा असेल तर प्रत्येक लाटेबरोबर तो नांगराला वर उचलतो आणि फाळ मातीतून सुटतात. दोर लांब सोडला की तो तळाशी जवळजवळ सपाट होतो आणि तीच ओढ फाळांना आणखी खोल घालते. दोराची लांबी खोलीच्या दुप्पट असेल तर ताणलेला दोर तळाशी तीस अंशांचा कोन करतो. लांबी पाचपट केली की हा कोन साडेअकरा अंशांच्या आसपास येतो आणि सातपट केली की आठ अंशांवर उतरतो. म्हणून साखळी जोडलेली असेल आणि हवा शांत असेल तर खोलीच्या पाचपट, साखळी नसेल किंवा वारा असेल तर सातपट दोर सोडावा, असा नियम जगभरचे नाविक पाळतात. नाव सोडून कोणी उतरणार नाही, डोळ्यांसमोर सर्व काही आहे आणि अर्धा तासच थांबायचे आहे, अशा वेळी तिप्पट दोरावर भागवता येते. त्याहून कमी दोरावर नांगर टाकला असे म्हणू नये, तो नुसता लोंबकळत ठेवला एवढेच म्हणता येईल.

खोली मोजताना पाण्याच्या पृष्ठभागापासून नावेच्या नाळेपर्यंतची, म्हणजे पुढच्या टोकापर्यंतची, उंचीही त्यात मिळवायची असते आणि हे बहुतेक जण विसरतात. पाणी सहा मीटर खोल आहे आणि नाळ पाण्याच्या अर्धा मीटर वर आहे, असे धरले तर हिशोब साडेसहा मीटरचा करावा लागतो. पाचपटीने साडेबत्तीस मीटर आणि सातपटीने साडेपंचेचाळीस मीटर दोर लागेल. दुकानातून वीस मीटरचे वेटोळे आणणाऱ्याच्या लक्षात येईल की, त्या दोरावर त्याला तीन मीटरपेक्षा खोल पाण्यात नीट नांगरताच येणार नाही.

सामान

चार-पाच मीटरच्या हलक्या नावेला तीन ते चार किलोचा, दोन रुंद चपटे फाळ असलेला डॅनफर्थ पद्धतीचा नांगर वाळूत आणि घट्ट मातीत उत्तम काम देतो. छत्रीसारख्या घडीचा, चार आकड्यांचा नांगर स्वस्त असतो आणि जागा कमी व्यापतो, त्यामुळे तो अनेक जण घेतात. त्याचे आकडे खडकाच्या फटीत अडकतात, पण मऊ गाळातून ते न रुतता सहज ओढले जातात. आपल्या जलाशयांतील तळ बहुतांशी माती आणि गाळाचा असल्यामुळे माझे मत चपट्या फाळांच्या नांगराच्या बाजूने आहे. घडीचा नांगर दुसरा म्हणून जवळ असावा.

दोर नायलॉनचा घ्यावा. तो ताणला जातो, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत जसाच्या तसा पोचत नाही, आणि तो पाण्यात बुडतो. बाजारात मिळणारा निळा किंवा हिरवा प्लास्टिकचा चमकदार दोर पाण्यावर तरंगतो, उन्हाने लवकर ठिसूळ होतो आणि इंजिनाच्या पंख्यात गुरफटण्याची भीती असते, म्हणून तो नांगरासाठी घेऊ नये. जाडी आठ ते दहा मिलिमीटर असावी. याहून बारीक दोरही नावेचे वजन पेलेल, परंतु ओला बारीक दोर हाताने ओढताना तळवे कापतो. नांगर आणि दोर यांच्यामध्ये सहा मिलिमीटर जाडीची, जवळजवळ नावेच्या लांबीएवढी साखळी जोडावी. तिच्या वजनाने नांगराचा दांडा तळाशी आडवा राहतो आणि दगडावर घासून दोर कापला जाण्याचा धोकाही टळतो. साखळीला दोर थेट बांधण्याऐवजी दोराच्या फासात धातूची खोबण बसवून शॅकलने, म्हणजे स्क्रूने बंद होणाऱ्या इंग्रजी यू आकाराच्या कडीने, जोडावा, आणि शॅकलचा स्क्रू आपोआप फिरून सुटू नये म्हणून त्याला न गंजणारी तार पिळून घट्ट करावी.

दोरावर दर पाच मीटरला खूण करावी. रंगीत कापडाची चिंधी दोराच्या पिळात ओवली तरी चालते. पाच मीटरला एक, दहाला दोन, असे केले की अंधुक प्रकाशातही बोटांनी मोजता येते. सर्व दोर एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये किंवा बादलीत खालून वर सैल घड्यांनी भरून ठेवावा, म्हणजे सोडताना गुंता होत नाही. दोराचे मोकळे टोक घरून निघण्यापूर्वीच नाळेजवळच्या मजबूत कडीला बांधलेले असावे. नांगरासह सर्व दोर सरसर पाण्यात गेला आणि हातात काहीच उरले नाही, असे प्रसंग याच एका गोष्टीच्या विसराळूपणाने घडतात. याखेरीज हाताशी येईल अशा जागी एक धारदार सुरी, शिटी, पाणी उपसायला डबा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल ठेवावा. मदतीचा क्रमांक 112 आहे. परंतु जलाशयाच्या आतल्या भागात रेंज मिळेलच असे नाही, म्हणून आपण कोठे जाणार आणि किती वाजता परतणार हे काठावरच्या एखाद्याला सांगून जावे.

तळाची ओळख

समुद्रावर नांगरणाऱ्याला नकाशात तळाची नोंद मिळते. धरणाच्या पाण्यात ती मिळत नाही, पण आपल्याला एक वेगळी सोय आहे. हिडकलचे पाणी उन्हाळ्यात इतके उतरते की एरवी बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. मंदिरच नव्हे, तर धरणात गेलेल्या गावठाणांतील घरांची जोती, शेतांचे बांध, विहिरींचे कठडे आणि तोडलेल्या झाडांचे बुंधे याच काळात दिसू लागतात. पावसाळ्यानंतर आपला नांगर नेमका याच गोष्टींत अडकणार असतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत, सोबत कोणाला तरी घेऊन, आपण जेथे नाव थांबवणार त्या भागाची पायी पाहणी करावी, मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत आणि जागांच्या खुणा नकाशावर टिपून ठेवाव्यात. मोकळे, बांध नसलेले, मातीचे शेत दिसले तर ते पाण्याखाली गेल्यावर नांगरायला उत्तम. जुनी वस्ती, आमराई आणि खडकाळ उतार हे टाळण्याच्या यादीत जातील. काठाजवळचा गाळ वरून वाळलेला आणि भेगाळलेला दिसला तरी आत ओला असू शकतो, तेव्हा हातात काठी घेऊन चाचपतच पाऊल टाकावे.

ज्या जागेची अशी पाहणी झालेली नाही, तेथे ओळंबा कामाला येतो. गवंड्याचा पितळी किंवा लोखंडी ओळंबा बारीक दोरीला बांधावा, दोरीला दर मीटरला गाठ मारावी आणि ओळंब्याच्या बुडाला बोटभर ग्रीस थापावे. तो नावेतून तळापर्यंत सोडला की गाठी मोजून खोली कळते आणि ग्रीसला चिकटून तळाचा नमुना वर येतो. वाळूचे कण आले तर उत्तम. चिकट काळी माती आली तरी चांगले. त्या मातीत नांगर रुततो तो निघता निघत नाही. पातळ, पिठासारखा गाळ आला तर मोठ्या फाळांचा नांगर आणि अधिक दोर लागेल. ग्रीस कोरेच वर आले आणि त्यावर ओरखडे असतील तर खाली खडक आहे असे समजून पुढे जावे. दोन-तीन ठिकाणी ओळंबा सोडून पाहावा, कारण एकाच ठिकाणच्या नमुन्यावरून भोवतालचा तळ कळत नाही.

जागा ठरवताना स्वतःला एक प्रश्न विचारावा: नांगर आता सुटला, इंजिन चालू झाले नाही, तर नाव कोठे जाऊन पोचेल? उत्तर ‘समोरच्या मातीच्या काठाला’ असे असेल तर जागा योग्य आहे. उत्तर बंधाऱ्याच्या सांडव्याकडे, धरणाच्या दरवाजांकडे, उपसा योजनेच्या जॅकवेलकडे (पंपासाठी पाणी आत घेणाऱ्या विहिरीकडे) किंवा खडकाळ कड्याकडे जात असेल तर तेथे अजिबात थांबू नये. हिडकलच्या खाली घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा आहे आणि त्याच्याही पुढे गोकाकचा धबधबा आहे. अशा नदीपात्रात कोणत्याही बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला हौशी नाव नांगरण्याचे काही कारण नाही. वरून विजेच्या तारा गेलेल्या ठिकाणी, मच्छीमारांची जाळी लावलेल्या पट्ट्यात आणि प्रवासी नावेच्या वाटेतही थांबू नये. जाळ्यांचे तरंगणारे डबे दुरून दिसत नाहीत, म्हणून कोठे जाळी लावली आहेत हे तेथील मच्छीमारांनाच विचारून घ्यावे.

नांगरलेली नाव एका जागी खिळून राहत नाही, वारा फिरेल तशी ती नांगराभोवती फिरते. वरच्या उदाहरणात साडेबत्तीस मीटर दोर सोडला आणि नाव साडेचार मीटरची असली तर नांगरापासून तिच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे छत्तीस मीटर होते. म्हणजे सर्व बाजूंनी तेवढी जागा मोकळी आणि पुरेशी खोल असायला हवी. काठापासून वीस मीटरवर नांगर टाकून सातपट दोर सोडणाऱ्याची नाव वारा फिरताच काठावर आपटेल.

प्रत्यक्ष नांगर टाकणे

ठरवलेल्या जागेच्या जवळ आल्यावर प्रथम वारा आणि प्रवाह कोणत्या बाजूने येतात ते पाहावे. जलाशयात सहसा वाऱ्याचे चालते आणि नदीत प्रवाहाचे. जवळपास दुसरी नाव नांगरलेली असेल तर तिचे तोंड कोणीकडे आहे हे पाहिले की उत्तर मिळते. नसेल तर इंजिन बंद करून किंवा वल्ही उचलून मिनिटभर नाव सोडून द्यावी आणि ती कोणीकडे वाहते ते पाहावे.

त्यानंतर नावेचे तोंड येणाऱ्या वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे करून सावकाश पुढे जावे. ज्या जागी नाव अखेरीस उभी राहायला हवी, तिच्याही पुढे, सोडायच्या दोराएवढे अंतर जावे लागते. नवशिके येथे हमखास चुकतात. त्यांना मासे लागतात त्या जागीच ते नांगर टाकतात आणि मग दोर सोडता सोडता तीस मीटर मागे जाऊन बसतात. योग्य ठिकाणी पोचल्यावर नाव पूर्ण थांबू द्यावी. नाळेजवळच्या माणसाने बसून किंवा गुडघे टेकून, दोराच्या वेटोळ्यात पाय नाही याची खात्री करून, नांगर हाताने हळूहळू पाण्यात सोडावा. डोक्यावरून भिरकावलेला नांगर पाहायला छान दिसतो, परंतु त्यात साखळी फाळांभोवती गुंडाळली जाते आणि भिरकावणाऱ्याचा तोल जातो.

नांगर तळाला टेकला की हातातला दोर सैल पडतो. आता वाऱ्याने किंवा प्रवाहाने नाव मागे जाऊ लागेल. वारा नसेल तर वल्ह्याने सावकाश मागे सरावे आणि नाव जाईल तसा दोर देत जावे. सगळा दोर एकदम सोडला तर साखळी आणि दोर यांचा ढीग नांगरावरच पडतो. तिप्पट दोर गेल्यावर कडीला एक वेढा घेऊन क्षणभर धरून पाहावे. नावेचे तोंड दोराच्या दिशेने झटकन वळले तर फाळ मातीत शिरू लागले आहेत. मग उरलेला दोर ठरलेल्या खुणेपर्यंत सोडून कडीला पक्का बांधावा. येथे नुसती निरगाठ मारू नये. ताण आल्यावर ती इतकी आवळते की ओल्या दोरात सुटत नाही. कडीला दोन पूर्ण वेढे देऊन त्यावर दोन अर्धगाठी मारल्या तर ताण वेढ्यांवर येतो आणि गाठी केव्हाही सोडता येतात.

शेवटी नांगर रुतवावा. इंजिन असेल तर सर्वांत कमी वेगावर अर्धा मिनिट मागे चालवावे. वल्ह्यांची नाव असेल तर आठ-दहा वेळा उलटे वल्हवावे. दोर ताणला जाऊन नाव जागच्या जागी थबकली पाहिजे. ताणलेल्या दोरावर तळहात ठेवला असता थरथर किंवा हिसके जाणवले तर नांगर तळावरून घसरत आहे. असे झाले तर त्याच जागी हट्ट न धरता नांगर उचलावा, फाळांत गवत किंवा झाडोरा अडकला आहे का पाहावे आणि दुसऱ्या ठिकाणी पुन्हा टाकावा.

नांगर धरला याची खात्री नजरेने करून घेण्याची रीत सोपी आहे. नावेच्या एका बाजूला काठावर एकामागे एक असलेल्या दोन स्थिर वस्तू निवडाव्यात, जसे जवळचा विजेचा खांब आणि त्यामागचे देवळाचे शिखर, आणि दोन्ही एका रेषेत कशा दिसतात ते लक्षात ठेवावे. दुसऱ्या बाजूलाही अशीच जोडी निवडावी. नाव थोडी डोलली तर खुणा मागेपुढे होऊन परत जुळतात. त्या एकाच दिशेने सरकत राहिल्या तर नाव वाहते आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत हे दोन-तीनदा पाहावे आणि नंतर वारा वाढला किंवा फिरला की पुन्हा पाहावे.

मागच्या टोकाला नांगर बांधू नये

या एका चुकीने लहान नाव बुडू शकते, म्हणून हे स्वतंत्रपणे सांगावे लागते. गळ टाकणाऱ्याला मागे बसून नांगर टाकणे सोयीचे वाटते. परंतु लहान नावेची पिछाडी सपाट आणि ठेंगणी असते, इंजिनाचे आणि माणसांचे वजनही तिकडेच असते. दोर मागे बांधला की लाट किंवा प्रवाह त्या सपाट फळीवर आदळतो, दोर तिला आणखी खाली खेचतो आणि पाणी आत येऊ लागते. आत आलेल्या पाण्याच्या वजनाने पिछाडी आणखी दबते आणि मग उपसायलाही वेळ मिळत नाही. वाहत्या पाण्याची ताकद आपण नेहमीच कमी लेखतो. सेकंदाला एक मीटर वेगाने, म्हणजे चालण्याच्या गतीने, वाहणारे पाणी एखाद्या फळीवर जेवढा दाब देते, तेवढा दाब द्यायला वाऱ्याला ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने वाहावे लागेल. नाळेचा टोकदार आकार हे पाणी कापतो, सपाट पिछाडी ते अडवते. मासे धरताना नाव फिरू नये म्हणून पुढे-मागे दोन नांगर टाकायचे असतील तर ते फक्त स्थिर पाण्यात, आणि वारा वाढताच मागचा दोर आधी सोडण्याच्या तयारीने.

उसाचा रस आटवण्याची काहील, म्हणजे मोठी पसरट कढई, कृष्णाकाठी नावेसारखी पाण्यात उतरवण्याची जुनी रीत आहे. काहिलीला नाळ नसते आणि तिचा काठ पाण्यापासून वीतभरच वर असतो, तेव्हा ती वाहत्या पाण्यात नांगरण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

थांबलेले असताना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा शिकण्याला चांगला काळ आहे. पावसाळ्यात हौशी नाव पाण्यात घालूच नये, कारण चंदगड भागात किंवा कोयनेच्या क्षेत्रात पडलेला पाऊस आपल्याकडे ऊन असतानाही घटप्रभा आणि कृष्णा फुगवतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमतात. वळीव अंगावर येण्यापूर्वी थंड वाऱ्याचा जोरदार झोत येतो, तोही बहुधा आधीच्या वाऱ्यापेक्षा वेगळ्या दिशेने, त्यामुळे नाव नांगराभोवती झर्रकन फिरते आणि फाळ उलटून सुटू शकतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की नावेवरचा दाब चौपट होतो, हेही लक्षात ठेवावे. पश्चिमेला काळे ढग दिसताच निघावे. गडगडाट ऐकू आल्यावर तर एक मिनिटही पाण्यावर राहू नये, कारण मोकळ्या पाण्यावरील नावेतला माणूस हीच परिसरातली सर्वांत उंच वस्तू असते.

नाव घसरू लागली असे वाटले तर पहिला उपाय म्हणजे आणखी दोर सोडणे. घाबरून दोर ओढून आखडता घेणारा नेमके उलटे करतो, त्याने कोन वाढतो आणि नांगर अधिकच सुटतो. मागे जागा असेल तर आणखी दहा-पंधरा मीटर द्यावे आणि खुणा पाहाव्यात. तरीही घसरण थांबली नाही तर इंजिन चालू करून किंवा वल्ही हातात घेऊन मगच नांगर उचलावा.

नांगर उचलणे, आणि तो अडकला तर

निघताना नाव इंजिनाने किंवा वल्ह्यांनी नांगराच्या दिशेने पुढे न्यावी आणि सैल होणारा दोर क्रेटमध्ये भरत जावे. नुसत्या हाताच्या जोराने नाव नांगराकडे ओढत बसल्याने पाठ भरून येते आणि नाळ दबते. दोर सरळ उभा झाला की तो कडीला आवळून धरावा; बहुतेक वेळा नावेच्या डोलण्यानेच फाळ मोकळे होतात. वर आलेल्या नांगराची काळी माती पाण्यात हलवून धुवावी आणि मगच तो आत घ्यावा.

बुडालेल्या गावठाणाच्या पाण्यात अडकणार हे गृहीत धरून आधीच तयारी करावी. नांगराच्या फाळांकडच्या टोकाला, दांड्याच्या उलट बाजूस, एक वेगळी सोडवणीची दोरी बांधावी. तिची लांबी खोलीपेक्षा दोन-तीन मीटर अधिक असावी आणि वरच्या टोकाला बंद झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा डबा बांधावा. डबा पाण्यावर तरंगत राहतो. नांगर अडकला तर मुख्य दोर सैल सोडून ही दोरी ओढावी, म्हणजे नांगर ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने मागे निघतो. दुसरी युक्ती गळवाले वापरतात: साखळी फाळांकडच्या टोकाला शॅकलने जोडतात आणि दांड्याच्या कडीला ती फक्त बारीक सुतळीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधतात. नेहमीच्या आडव्या ओढीत पट्टी टिकते. नाव नांगराच्या वर आणून जोराने उभे ओढले की ती तुटते आणि नांगर उलटा बाहेर येतो. जोराच्या वाऱ्यात मात्र ती पट्टी केव्हाही तुटू शकते, म्हणून नावेत कोणी नसताना हा प्रकार वापरू नये.

यांपैकी काही केलेले नसेल तर दोर सैल ठेवून नांगराच्या पलीकडे जावे आणि विरुद्ध दिशेने हलकी ओढ द्यावी. मग वर्तुळाच्या वेगवेगळ्या बाजूंनी प्रयत्न करावा. ओढताना दोर नाळेवरच असावा. अडकलेला दोर पिछाडीला बांधून इंजिनाचा वेग वाढवणे म्हणजे नाव स्वतःच्या हाताने बुडवणे होय. पाण्यात उतरून नांगर सोडवण्याचा प्रयत्नही करू नये. खाली काय आहे ते दिसत नाही, दोरात पाय अडकू शकतो, आणि कृष्णेत व काळी नदीत मगरी आहेत. काहीच जमले नाही तर सुरीने दोर कापावा. नांगर काही हजारांत पुन्हा मिळतो. जमले तर कापलेल्या टोकाला रिकामा डबा बांधून सोडावा, म्हणजे मे महिन्यात पाणी उतरल्यावर तो शोधता येईल.

कारवारकडे जाणाऱ्यांसाठी

सदाशिवगडाखाली काळीच्या मुखाशी नांगरताना हिशोब बदलतो, कारण तेथे भरती-ओहोटी आहे. साधारण सव्वासहा तासांनी प्रवाह उलटतो, नाव पूर्ण फिरते आणि नांगरावरची ओढ विरुद्ध बाजूने येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाण्याच्या पातळीत दोन मीटरपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून दोराची लांबी भरतीच्या खोलीवर मोजावी आणि नावेखाली पाणी उरेल का हे ओहोटीच्या खोलीवर पाहावे. प्रवाह उलटण्याच्या वेळी नावेत कोणीतरी जागे असावे. याच नदीच्या वरच्या भागात, गणेशगुडी-दांडेलीकडे, वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की पात्र अचानक भरते. तेथे मार्गदर्शकाशिवाय नांगरू नये.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर साखळी आणि शॅकल गोड्या पाण्याने धुवून वाळवावेत. दोर उन्हात न ठेवता सावलीत वाळवावा, आणि दर हंगामाच्या सुरुवातीला तो पूर्ण लांबीने हातातून सोडून तपासावा. एखाद्या ठिकाणी तंतू केसाळ झालेले किंवा पीळ दबलेला आढळला, तर तेथे गाठ मारून काम भागवू नये, कारण गाठीने दोराची ताकद बरीच घटते. खराब भाग टोकाजवळ असेल तर तेवढा कापून काढावा आणि पाच-पाच मीटरच्या खुणा नव्याने कराव्यात. मध्यभागी असेल तर नवा दोर घ्यावा.